मेल्यावरचं आमंत्रण

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी गावाकडून फोन आला की तो बहुधा वर्गणीचाच असतो. यंदाही मंडळाचा सेक्रेटरीच बोलत होता, पण आकडा सांगायच्या आधी म्हणाला, "यंदा नाटकाच्या आधी गावातल्या जुन्या कलावंतांचा सत्कार ठेवला आहे. मानपत्रं तू लिही. तू नागपूरले राहते, तुले शब्द येतात."

नागपूरला राहिल्यानं शब्द येतात, हा त्याचा समज मी मोडला नाही. नावं विचारली. सहा होती. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्याचा म्हातारा शाहीर, दंडार नावाच्या नाच-नाट्यातला ढोलकीवाला, भजनी मंडळाचा पेटीवाला, एकेकाळचा हिरो, आणि पंचवीस वर्षं स्त्रीपार्टी म्हणून उभा राहिलेला आमच्या आळीतला एक शेतकरी. सहावं नाव कलावंताचं नव्हतं, मंडपाच्या खर्चाचं होतं. ते कळायला फार हुशारी लागत नाही.

"आणि पुस्तकवाले काकाजी?" मी विचारलं.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "त्याईनं कोनता रोल केला होता?"

प्रश्न बरोबर होता. त्यांनी एकही रोल केला नव्हता.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की वडसा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा जो पट्टा, त्याला झाडीपट्टी म्हणतात. या पट्ट्यात भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. दिवसा दंडार, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, जिलेबीची दुकानं, रात्री नाटक. हलका धान घरात आलेला असतो, भारी अजून बांधीत उभा असतो, आणि घराघरांत इतके पाहुणे की चुलीवरचं भाताचं गंज उतरतच नाही. लग्नं जुळतात ती याच दिवसांत. नाटक दहा-साडेदहाला उभं राहतं आणि पहाटे कोंबडा आरवायच्या सुमारास संपतं. पुण्याचा एक मित्र एकदा सोबत आला होता. बाराच्या सुमारास त्यानं विचारलं, मध्यांतर झालं का? मी म्हटलं, पहिला अंक चालू आहे. तो झोपला. इथं झोपलेल्याला कोणी हसत नाही. अर्धा मंडप आळीपाळीनं झोपतो, आणि लावणी लागली की शेजारचा आपण होऊन उठवतो.

आज हा सगळा व्यवहार वडशाच्या नाटक कंपन्यांचा आहे. दिवाळीच्या सुमारास वडशात कंपन्यांच्या ऑफिसांवर बोर्ड लागतात, गावोगावची मंडळं तारखा धरायला येतात, नाटक ठेक्यानं ठरतं. होळीपर्यंत कलाकार रात्री एका गावात आणि दिवसा गाडीत झोपतात. या रंगभूमीवरचे गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्या संध्याकाळी मी नागपुरात चहाच्या टपरीवर दोन अनोळखी माणसांना ती बातमी ऐकवली. एकानं विचारलं, तुमचे नातेवाईक का? मी हो म्हणालो. खोटं बोललो असं अजूनही वाटत नाही.

पण काकाजींचा काळ कंपन्यांच्या आधीचा. तेव्हा गावचं नाटक गावच करी. दसरा झाला की शाळेच्या वऱ्हांड्यात कंदील लागे. तालीम मास्तर शेजारच्या गावाहून सायकलनं येत. सीन-सीनरी आणि पोशाख भाड्यानं. नाटकाचं छापील पुस्तक मात्र एकच, तेही वर्गणीतून घेतलेलं. वीस जणांना पाठ करायचं आणि पुस्तक एक, म्हणून प्रत्येकाची नक्कल काढावी लागे. ज्यानं ही गोष्ट पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. रेघांच्या कागदावर एकेका पात्राची फक्त त्याची त्याची वाक्यं उतरवायची आणि प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर आधीच्या पात्राच्या वाक्याची शेपटी लिहायची, तीन-चार शब्द. ते कानावर पडले की आपलं तोंड उघडायचं. सगळे कागद सुईदोऱ्यानं शिवले की झाली नक्कल. पात्राला नाटकाची गोष्ट काय आहे हे पुष्कळदा प्रयोगाच्या रात्रीच समजे. आपल्या हातातल्या सोळा पानांच्या पलीकडचं त्याला ठाऊक नसे.

सबंध नाटक ठाऊक असे ते एकट्या काकाजींना. सगळ्या नकला तेच काढत. दिवसभर बांधीत धान कापायचा आणि रात्री चिमणीच्या उजेडात वीस जणांची तोंडं लिहायची. अक्षर टपोरं, थोडं उजवीकडे कललेलं. ज्याला वाचता येत नसे त्याच्या घरी जाऊन वाक्यं म्हणून घेत. आणि प्रयोगाच्या रात्री विंगेत, पडद्याच्या आड, एका पोत्यावर पुस्तक मांडीवर घेऊन बसत. गॅसबत्तीचा जितका उजेड विंगेत सांडेल तितक्यात वाचायचं. पुढं बॅटरी आली. शब्द पात्राच्या कानापर्यंत जावा आणि पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये, एवढाच आवाज. मला हा आवाज काय असतो ते ठाऊक आहे, कारण सातव्या वर्षी मी एका नाटकात सावकाराच्या नातवाचं काम केलं होतं. तीन वाक्यं होती. पहिल्या वाक्याला मंडपातली ती सगळी डोकी दिसली आणि बाकीची दोन गेली. तेव्हा डाव्या कानाशी कोणीतरी, म्हणजे माझ्याच मनानं, "आजोबा, मला भूक लागली" असं म्हटलं. मी तेच मोठ्यानं म्हटलं. टाळी पडली. ते माझं मन नव्हतं, हे घरी गेल्यावर आईनं सांगितलं.

त्या नाटकाचं गावात अजून नाव निघतं, पण माझ्या भुकेमुळे नव्हे.

सावकाराचं काम मोठ्या वाड्यातल्या दादाजींकडे होतं. उंचेपुरे, आवाज खणखणीत, मिशा स्वतःच्या. तालमीला मात्र यायचे नाहीत, कारण त्या वर्षी धानाचे चुरणे, म्हणजे मळणी, उशिरापर्यंत चालले होते. शेवटचे दोन दिवस आले, तेही दोनच अंकांपुरते. तिसऱ्या अंकात सावकार पश्चात्ताप करून मरतो. दादाजी फार सुंदर मेले. बायका रडत होत्या, पेटीवाल्यानं भैरवी धरली होती. आणि पडदा पडायच्या आत मेलेले दादाजी कोपरावर उठले आणि मंडपाकडे पाहून, हात जोडून म्हणाले, "तेव्हा मंडळी, येत्या पंचमीला पोरीचं लग्न धरलं आहे, सहकुटुंब सहपरिवार यायचं." आणि पुन्हा मेले.

त्याला आता चाळीस वर्षं होतील. आमच्या गावात एखाद्यानं काम होऊन गेल्यावर मदत आणली, पंगत उठल्यावर पानं आणली, की म्हणतात, आला पाहा मेल्यावर आमंत्रण द्यायले. ज्यांनी नाटक पाहिलं नाही ती पोरंही म्हणतात. आणि त्याच्या मागोमाग हेही म्हणतात की पुस्तकवाल्याला डुलकी लागली होती, दोन पानं एकदम उलटली, आणि दादाजींना चुकीचं वाक्य दिलं. काकाजींच्या देखत म्हणतात. काकाजी हसतात.

तर मानपत्र. दंडारीच्या ढोलकीवाल्याचं सोपं गेलं. दंडारीत बायकांची कामं पुरुषच करत, पहाटेपर्यंत नाच आणि गाण्यांची चढाओढ चाले. आमच्या ढोलकीवाल्याचा ठेका बदलला की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप फिरत. शाहिराचंही सोपं गेलं. कलगी-तुऱ्याच्या झगड्यात त्यांना हरवायला लोक नदीपलीकडून येत आणि हरून, वर चहा पिऊन जात. स्त्रीपार्टीवाल्यांचं लिहिताना जरा थांबलो. सत्कारात त्यांना काय म्हणावं? ते स्वतःच म्हणाले, "लिही, की माह्या सासूनं मले ओळखला नव्हता." तसंच लिहिलं. पेटीवाल्याचं तर एका बैठकीत झालं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं गावच्या दोन पिढ्या या पेटीवाल्याच्या सुरात बसून खंजिरीवर शिकल्या आहेत, आणि सामुदायिक प्रार्थना एका संध्याकाळीही चुकलेली नाही, हे कोणालाही सांगता आलं असतं.

काकाजींचं अडलं. "आपण रंगभूमीची सेवा केली" लिहिलं आणि खोडलं. हे वाक्य मंडपवाल्यालाही लागलं असतं. मानपत्र हा प्रकारच चेहऱ्यांसाठी घडवलेला आहे. भूमिका, पुरस्कार, गाजलेला प्रसंग. काकाजींचा गाजलेला प्रसंग एकच, आणि तो असा.

म्हणून दोन दिवस आधी गावी गेलो. काकाजी अंगणात तणसाचा दोर वळत बसले होते. वय ऐंशीच्या घरात, डोळ्यात मोतीबिंदू झालेला. सत्काराचं सांगितलं तर म्हणाले, "मले कायले? मी त बोलोच नाई." मग थोड्या वेळानं, "शाल गरम असन त घेतो."

तिथंच दुसरा विषय निघाला. राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देणारी योजना १९५४-५५पासूनची. आधी अ, ब, क असे वर्ग पाडलेले होते; २०२४ साली तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि सगळ्यांना सरसकट महिन्याला ५,००० रुपये झाले. पन्नाशी उलटलेली हवी, कलेत पंधरा वर्षं घातलेली हवीत, उत्पन्नाची अट आहे. काकाजी तिन्हीत बसतात. गावातल्या शाहिरांना आणि ढोलकीवाल्यांना ते मिळतंही. काकाजींनी कधी अर्ज केला नव्हता. नातसुनेनं एकदा फॉर्म आणला होता, तो तिनं फडताळातून काढून दाखवला. नाव, पत्ता, आधार लिहिलेलं. "कलाप्रकार" या रकान्यासमोर कोरं. आणि खाली पुरावे जोडायचे होते. प्रमाणपत्रं, बातम्यांची कात्रणं, फोटो.

फोटो होते की. मंडळाच्या कपाटात जुना अल्बम आहे, नातसून तो मागून घेऊन आली. एका फोटोत सावकार, एका फोटोत हिरो, एका फोटोत नातू म्हणून मी, नाकात बोट. काकाजी एकाही फोटोत नाहीत. तिनं एका फोटोच्या कडेला बोट ठेवलं. पडद्याच्या चुणीतून पायाचा एक अंगठा दिसत होता. "हे आजोबा," ती म्हणाली. तिला खात्री होती. मलाही पटलं, पण कार्यालयाला पटेल का?

मग सुचलं ते तिलाच सुचलं, मी फक्त मोटारसायकल चालवली. नकला. काकाजींच्या घरी एकही नव्हती, कारण त्या त्यांच्यासाठी नव्हत्याच. पण ज्यांनी कामं केली त्यांच्या घरी असतील. काकाजींच्या कलेचा पुरावा दुसऱ्यांच्या पेट्यांत होता.

दोन दिवस आम्ही घरं पालथी घातली. कुठं पेटी, कुठं पाटण, कुठं तांदळाच्या कोठीमागं कोंबलेली पिशवी. एका घरी नक्कल सापडली तिच्या पाठकोऱ्या बाजूवर खताचा हिशेब. एकीनं सरळ सांगितलं, चुलीत गेली. स्त्रीपार्टीवाल्यांकडे सात निघाल्या, सगळ्या फडक्यात बांधलेल्या. आणि प्रत्येक नकलेत, त्या टपोऱ्या कललेल्या अक्षरात, पुस्तकात नसलेली वाक्यं. समासात. "इथं घाई करू नको, लोक हसत असतील." "पदर डोक्यावर, हात रिकामा नको." "हे वाक्य तुला जड जाते, श्वास घेऊन म्हण." एका नकलेत, म्हातारीच्या कामात: "तुझी आई बोलते तशी बोल." मी छापील नाटकं पुष्कळ वाचली आहेत, त्यात असल्या सूचना पाहिल्या नाहीत. हा माणूस वीस जणांना ओळखून वीस वेगळी पुस्तकं लिहीत होता.

मानपत्र त्या रात्री एका दमात झालं. समासातली वाक्यंच उतरवली, माझं काही घातलं नाही.

सत्काराची रात्र जशी असते तशी झाली. साडेनऊची वेळ, सव्वाअकराला सुरू. पाहुण्यांचे आधी हार, मग पाहुण्यांची भाषणं, मग पाहुण्यांच्या भाषणात इतर पाहुण्यांची नावं. मंडपाचा खर्च करणाऱ्यांचा सत्कार पहिला झाला, कारण त्यांना पुढं दुसऱ्या मंडईला जायचं होतं. मागून पोरं ओरडू लागली, नाटक सुरू करा. खरं सांगायचं तर मलाही पोरांचंच पटत होतं. कलावंतांच्या वेळी निवेदकानं मानपत्रं हातात घेतली, घड्याळ पाहिलं आणि फक्त नावं वाचली. शाल, श्रीफळ, फोटो. काकाजींचं मानपत्र कोणी ऐकलं नाही. ते फ्रेममध्ये होतं, ते त्यांच्या हातात दिलं गेलं, आणि मोतीबिंदूमुळे त्यांना ते वाचता आलं नाही.

माझा यावर राग नाही असं नाही. पण जुनी पद्धत आठवते. तेव्हा सत्कार नव्हता, बक्षीस होतं. एखाद्याचं काम आवडलं की मंडपातून चिठ्ठी आणि नोट स्टेजवर जाई, नाटक चालू असतानाच थांबवून माईकवरून पुकारा होई: अमक्या गावचे अमके, यांच्याकडून अमक्याच्या कामावर खूश होऊन अकरा रुपये. पात्र नोट कपाळाला लावी आणि मरता मरता थांबलेलं पुन्हा मरायला लागे. नाटकाची चव जाई म्हणून तालीम मास्तर चिडत. पण ज्याचं काम त्याला, त्याच रात्री, गाव जागं असताना. शालीला मात्र उशीर झालेला असतो. शाल येते तेव्हा आवाज गेलेला असतो. काकाजींना अकरा रुपये एकदाच मिळाले, तेही स्त्रीपार्टीवाल्यांनी आपल्या बक्षिसातून विंगेत नेऊन दिले. हे त्यांनीच सांगितलं, सत्काराच्या रांगेत उभे असताना.

२०१४ मध्ये शंकरपटांवर बंदी आली, तेव्हा दिवसाची गर्दी आटली आणि रात्रीची तिकिटंही बुडाली; दोन-तीन वर्षं आमच्या गावी नाटकच झालं नाही. डिसेंबर २०२१मध्ये पटाला परवानगी मिळाली आणि मंडई परत भरू लागली. पट आणि नाटक एकाच जोडीचे बैल आहेत, एक बसला की दुसरा चालत नाही. हे मध्येच सांगितलं, कारण काकाजींच्या मते खरा सत्कार पटाच्या मैदानावरच होतो. जोडी जिंकली की बैलालाही गुलाल लागतो, एकट्या मालकाला नाही.

नाटक चालू झालं. कंपनीचं होतं, झकपक, ऑक्टोपॅडचा दणका. काकाजी पहिला अंक बसले. मध्येच म्हणाले, "यायचा प्रॉम्प्टर चांगला आहे." मी विचारलं, तुम्हाला ऐकू येतो? "नाई ना येत. म्हणून त चांगला आहे." आणि शाल गुंडाळून घरी गेले. थंडी होती.

एक घर राहिलं होतं, मोठा वाडा. दादाजींना जाऊन दहा-बारा वर्षं झाली. सकाळी नातसून आणि मी तिथं गेलो. दादाजींचा मुलगा घरी होता. नक्कल आहे म्हणाला, पण देणार नाही. झेरॉक्सलाही नाही. आम्हाला आत देवघरात नेलं. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, पोथ्यांच्या शेजारी, लाल फडक्यात सावकाराची नक्कल होती. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिची पूजा होते, आपट्याचं पान वाहतात. कागदावर हळदीकुंकवाचे डाग पडलेले. "बाबाची निशाणी आहे," तो म्हणाला. अक्षर कोणाचं आहे हे त्याला ठाऊक होतं का, विचारलं नाही. त्यानं हात धुऊन स्वतः एकेक पान उलटलं आणि मी मोबाइलवर फोटो घेतले.

घरी येऊन काकाजींना फोटो मोठे करून दाखवत होतो, अर्जाला कोणते लावायचे ते ठरवायला. त्यांना अक्षर दिसत नव्हतं, मी वाचत होतो. तिसऱ्या अंकाशी आलो. मरणाचं भाषण वाचलं, पुढचं पान घेतलं आणि वाचता वाचता थांबलो. पुढचं पान मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणाचं होतं. पानाच्या कोपऱ्यावर काकाजींनीच घातलेला आकडा होता, चौदा. मरणाच्या पानावर सोळा. शिवण मात्र वेगळ्या दोऱ्याची, काळ्या. बाकी सगळ्या नकला पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेल्या होत्या.

कोणीतरी सुटलेली नक्कल घरी परत शिवली होती.

मी काकाजींकडे पाहिलं. ते दोर वळत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच रातीले समजला. थो मेल्यावर मी पुस्तक मिटवला होता. मेल्या माणसाले कोनी वाक्य देते का?"

नातसून हसायला लागली, मग एकदम गप्प झाली. मी म्हटलं, काकाजी, चाळीस वर्षं सगळं गाव तुमच्या नावावर...

"तो कागद नोको जोडू," ते म्हणाले. "बाकीचे लाव. त्याच्या पोरालेही सांगू नोको, पूजा करते बिचारा."

"पण तेव्हाच का नाही सांगितलं?"

त्यांनी दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि पीळ दिला.

"सांगतलो असतो त थो दुसऱ्या वर्षी उभा राहिला असता का? आन मंग सावकार कोन करनार होता? मिशा त सप्पा गावात त्याच्याच होत्या."